हरवलेल्या कुलपांच्या जागी

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकांकात अभ्यासलेख लिहावयाचा तर तो संतांच्या अभंगांवर, ग्रामीण कथेवर, नाहीतर मोरोपंतांच्या आर्येवर, असा एक अलिखित नियम आपल्याकडे आहे. बारामतीत शिकणाऱ्याला तर मोरोपंत टाळताच येत नाहीत. हा नियम बाजूला ठेवून मी कुलपाविषयी लिहीत आहे. तेही वाड्याच्या दाराचे किंवा तिजोरीचे कुलूप नव्हे, व्हिडिओ गेमच्या एका जुन्या लाकडी पेटीचे. विषय ऐकून मैत्रिणी हसल्या. परंतु या पेटीची तीन हरवलेली कुलपे पुन्हा बसविताना मला जे शिकावे लागले, ते कोणत्याही एका पुस्तकात एकत्र सापडले नाही. ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून येथे मांडत आहे.

प्रथम पेटीची ओळख करून देते. माझे चुलते, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, ते १९९४ ते २००२ पर्यंत इंदापुरात एस.टी. स्टँडजवळ व्हिडिओ गेमचे छोटे दुकान चालवीत. चार पेट्या, एक पंखा आणि उन्हाळ्याच्या सुटीत उभे राहावयासही जागा नाही अशी गर्दी. त्या दिवसांत ‘मुस्तफा’ या खेळाचे वेड होते. त्याचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. कॅपकॉम या जपानी कंपनीने तो १९९३ साली काढला. त्यातील चार पात्रांपैकी एकाचे नाव मुस्तफा. आपल्याकडील पोरांनी मूळ लांबलचक नाव टाकून देऊन अख्ख्या खेळालाच मुस्तफा करून टाकले. आज चाळिशी ओलांडलेल्या कोणत्याही गृहस्थाजवळ हे नाव काढून पाहावे. तो दोन मिनिटे तरी आपले वय विसरतो. पुढे घरोघर संगणक आले, मग मोबाईल आले. नानांनी दुकान बंद केले, तीन पेट्या विकल्या आणि चौथी आमच्या पडवीत येऊन उभी राहिली.

अशा पेटीला बहुधा तीन कुलपे असतात. पाठीमागे लाकडी फळीचे दार, त्याला एक. समोर पोलादी पत्र्याची दोन लहान दारे. वरच्या दारामागे नाणे पारखणारे यंत्र आणि खालच्या दारामागे नाणी पडण्याचा डबा, म्हणजे गल्ला. या दोघांना एकेक. आता येथे एक मौज आहे. मागील दाराची आणि वरच्या दाराची किल्ली नानांकडे असे. गल्ल्याची किल्ली मात्र पेटीच्या मालकाकडे. पेटी मालकाची, जागा आणि वीज नानांची, उत्पन्न निम्मे निम्मे. आठवड्याला मालक येई, दोघांच्या समोर गल्ला उघडे, नाणी मोजली जात. नाणे अडकले तर नानांनी वरचे दार उघडावे, खेळ बंद पडला तर मागचे. पण खालच्या डब्याला मालक आल्याखेरीज हात लागत नसे. एकाच लाकडी पेटीत तीन भोके आणि दोन जुडगे, एवढ्यावर तो सारा व्यवहार आठ वर्षे कागदाच्या चिटोऱ्याशिवाय चालला. अर्थशास्त्राच्या तासाला भागीदारीचे प्रकार शिकताना मला नेहमी ही पेटी आठवते.

दुकान आवरताना ही पेटी नानांनी मालकाकडून विकत घेतली. त्यानंतरच्या वर्षांत किल्ल्या कुठे गेल्या ते कुणीच सांगू शकत नाही. पडवीतल्या उंदरांनी आत घरटे केले तेव्हा कुलपे ड्रिलने फोडून काढावी लागली, आणि राहिली ती तीन भोके. मागचे दार सुतळीने बांधलेले असे. पेटी बंद होती तोवर कुणाला त्याचे काही वाटले नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या भावाने, दादाने, टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिराला बोलावून ती पुन्हा सुरू केली. पडदा उजळला, मुस्तफा धावू लागला आणि गल्लीतली सगळी पोरे आमच्या पडवीत जमू लागली. आठ दिवस घरात जत्रा होती. नवव्या दिवशी वहिनीने पाहिले, तो माझा सात वर्षांचा भाचा पेटीच्या मागे गुडघ्यांवर बसलेला; सुतळी सोडलेली आणि खांद्यापर्यंत हात आत. चेंडू मागे गेला होता, तो काढावयाचा होता. पेटी चालू होती.

या पेटीत काय असते हे येथे सांगितले पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या खटाटोपाचे कारण तेच आहे. जुन्या पेटीतील पडदा म्हणजे काचेची पोकळ नळी, पूर्वीच्या जाड टीव्हीत असे तशी. रंगीत चित्रासाठी या नळीला २० ते २५ हजार व्होल्टचा दाब द्यावा लागतो. घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट. म्हणजे नळीच्या बाजूला जी रबरी टोपी दिसते तिच्याखाली घरच्या विजेच्या जवळजवळ शंभर पट दाब असतो. शिवाय ही नळी विजेचा साठा धरून ठेवते. बटण बंद केले, पिन काढली, तरी काही काळ तो आत राहू शकतो. घरातल्या टीव्हीला मागे स्क्रूने बसविलेले झाकण असते. या पेटीत मात्र नळी आणि तिचे सर्किट उघडेच. झाकण म्हणजे ते मागचे लाकडी दार. त्या दाराचे कुलूप म्हणजे खरे तर विजेच्या संरक्षणाचा एक भाग, आणि आमच्याकडे त्याची जागा सुतळीने घेतली होती.

त्या रात्री आजीने निकाल दिला. “कुलूप चोराला नसतंय, पोराला असतंय. नीट लावायचं तर लावा, न्हाईतर उद्या भंगारवाल्याला द्या.” वहिनी काही बोलली नाही, पण तिचे मत आजीकडे होते हे दिसत होते. नाना मान खाली घालून बसले होते. दादाने दार स्क्रूने कायमचे बंद करण्याचा उपाय सुचविला. तो वाईट नव्हता. पण जुन्या यंत्राला दर महिन्या-दोन महिन्यांनी आतून हात लावावा लागतो, आणि आठ स्क्रू वारंवार काढावे लागले की एक दिवस दोनच बसविले जातात. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

मुदत मागितली खरी, पण कुलपाविषयी माझे ज्ञान शब्दापुरतेच होते. शब्द मात्र मनोरंजक आहेत. ‘कुलूप’ हा अरबी ‘कुफ्ल’चा मराठी अवतार, फारसीतून आपल्याकडे आला आणि येताना अक्षरांची अदलाबदल करून आला. आपण खातो ती कुल्फीही त्याच कुळातली, बंद साच्यात गोठविलेली म्हणून. ‘चावी’ पोर्तुगीज. या दोन परक्या पाहुण्यांआधीचे आपले शब्द वेगळे आहेत: अडसर, आडणा, खिट्टी, कडी, कोयंडा. आमच्या घराचे पुढचे दार आजोबांनी उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावातून चौकटीसकट बैलगाडीतून आणलेले आहे, त्याला आतून अजून अडसरच आहे. अडसर आतून लावतात, म्हणजे माणूस घरात असताना. कुलूप बाहेरून लावतात, म्हणजे माणूस जवळ नसताना. आमच्या पेटीला दुसऱ्या जातीचे बंधन हवे होते.

कडी-कोयंडा लावून वर अलिगढचे कुलूप अडकवावे, हे सर्वांत सोपे आणि स्वस्त, असे वाचकांच्या मनात येईल. माझ्याही घरी सर्वांनी तेच सुचविले. त्याला दोन हरकती होत्या. जुन्या प्लायवूडमध्ये कोयंड्याचे स्क्रू फार दिवस धरत नाहीत; पोराने दोनदा ओढले की सुटतात. दुसरी हरकत अधिक महत्त्वाची: लोंबते कुलूप उघडल्यावर ते दारापासून वेगळे होते आणि कुठेही ठेवता येते. दार नुसते लोटलेले, कुलूप खिडकीत, हे दृश्य प्रत्येक घरात पाहावयास मिळते. हवे होते ते दारातच रुतलेले कुलूप.

अशा कुलपाला व्यापारात ‘कॅम लॉक’ म्हणतात. पत्रपेट्या, कार्यालयातील कपाटे, नाणी टाकावयाची यंत्रे, सर्वत्र हेच. रचना इतकी साधी की एकदा कळली म्हणजे आश्चर्य वाटते ते आपल्याला आधी कळली नव्हती याचे. बोटाएवढे एक धातूचे नळकांडे, बाहेरून आटे पाडलेले. पुढे डोके, तेवढेच दाराबाहेर दिसते. मागच्या टोकाला चौकोनी खुंटी, तिच्यावर स्क्रूने बसविलेली लोखंडी पट्टी. तिला जीभ म्हणावे. किल्ली पाव फेरा फिरविली की जीभ पाव फेरा फिरते आणि चौकटीच्या मागे जाऊन अडते. दाराच्या आतून एक मोठा नट नळकांडे आवळून धरतो. नळकांड्याच्या दोन बाजू मात्र गोल नसून सपाट तासलेल्या असतात, आणि दाराचे भोकही तसेच दोन बाजूंनी सपाट हवे. भोक नुसते गोल असेल तर किल्लीबरोबर सगळे कुलूपच गरगर फिरू लागते. फोडून काढलेल्या कुलपाच्या जागी नवे बसविताना बहुतेक ठिकाणी घोटाळा होतो तो येथे: ड्रिलने त्या सपाट बाजू खाल्लेल्या असतात.

किल्लीचे काम आतल्या पातळ पट्ट्यांशी. स्वस्त कॅम लॉकमध्ये चार-पाच पट्ट्या असतात. स्प्रिंगमुळे त्या नळकांड्याच्या खाचेत घुसून फिरणे अडवितात. योग्य किल्लीचे चढउतार प्रत्येक पट्टीला नेमके उचलतात आणि सगळ्या पट्ट्या एका रेषेत आल्या की नळकांडे मोकळे होते. हे तत्त्व फार जुने. प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी खुंट्यांची अशी कुलपे होती. अमेरिकेत लायनस येल याने १८६० च्या दशकात त्याच तत्त्वाला आजच्या चपट्या किल्लीचे रूप दिले. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागला कुलपे बनविण्यास प्रारंभ केला, तोही पारख नसलेल्या स्वस्त कुलपांच्या बाजारात. मात्र सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहिले तर कॅम लॉक हे कुलपांच्या घराण्यातले धाकटे भावंड आहे. समजा पट्ट्या पाच आणि प्रत्येकीच्या उंच्या चार, तर सर्व मिळून किल्ल्या होतात ४ गुणिले ४ असे पाच वेळा, म्हणजे १०२४. प्रत्यक्षात कारखाने त्याहून खूपच थोड्या प्रकारच्या किल्ल्या काढतात. जाणता चोर त्यापुढे पाच मिनिटे थांबणार नाही. पण आमच्या प्रतिपक्षाचे वय सात वर्षे होते, आणि त्याच्या दृष्टीने १०२४ हा आकडा पुरेसा मोठा आहे.

आता बाजार. रोज एस.टी.ने इंदापूरहून निमगाव केतकी, अंथुर्णे, सणसर, भवानीनगर करीत बारामतीला यावयाचे. जवळपास पन्नास किलोमीटर. तुकोबारायांची पालखी याच वाटेने उलट्या दिशेने इंदापूरला जाते. त्या आठवड्यात तास संपल्यावर मी बारामतीतील हार्डवेअरची सहा दुकाने पालथी घातली. समोरच्या पत्र्याच्या दारांसाठी पत्रपेटीचे कुलूप पहिल्याच दुकानात मिळाले. मागच्या लाकडी दारासाठी मात्र सर्वत्र एकच उत्तर: “कपाटाचं लॉक न्या ना.” कपाटाचे कुलूप चार स्क्रूंनी आतून बसते आणि त्याची लांबी ठरलेली, आमच्या १८ मिलिमीटर फळीला ते चालले असते, पण त्याची जीभ सरळ बाहेर येणारी, आणि आमच्या चौकटीत ती शिरावयास खाचच नव्हती. सहाव्या दुकानदाराने, मुलगी एवढे कशासाठी फिरते आहे हे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ताई, हे हार्डवेअरवाल्याकडे शोधू नका. मोटारीच्या स्टार्टरच्या पेट्या विकतात ना, तिथं बघा.”

हे बोलणे मला या साऱ्या शोधातले सर्वांत शहाणे वाटते. बारामती-इंदापूर म्हणजे नीरेचा कालवा, उजनीचे पाणी आणि ऊस. प्रत्येक विहिरीवर, प्रत्येक नदीकाठच्या पंपावर एक पत्र्याची पेटी खांबाला टांगलेली असते. तिच्यात तीन फेजची, ४१५ व्होल्टची वीज. तिच्या दाराला पाव फेऱ्याचे कुलूप असते, आणि तेही चोरासाठी नव्हे. शेतावर आलेल्या पोराने, गड्याने, ओल्या हाताने आत चाचपडू नये म्हणून. आमच्या पेटीचे आणि तिचे दुखणे एकच. व्हिडिओ गेम जपानचा, पण त्याच्या हरवलेल्या कुलपाचा भाऊ आमच्याच शेतात खांबावर लटकत होता.

स्टार्टरच्या दुकानात दोन प्रकार दिसले. एकाला ठोकळ्यासारखी साधी किल्ली असते, मध्ये दांडा आणि दोन्हीकडे कान. ती सर्व पेट्यांना एकच. गावात दर तिसऱ्या माणसाच्या कमरेला सापडेल, आणि नसेल त्याचे काम पकडीने भागते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक कुलपाला स्वतंत्र चपटी किल्ली. दुसरे घेतले. घेताना आणखी एक प्रश्न विचारावयाचा असतो, जो दुकानदार आपण होऊन सांगत नाही: किल्ली कोणत्या स्थितीत निघते? काही कुलपांची किल्ली बंद आणि उघड्या अशा दोन्ही स्थितींत निघते, काहींची फक्त बंद स्थितीत. आम्हाला दुसरीच हवी होती. दार उघडे असेल तोवर किल्ली कुलपातच अडकून राहील, आणि किल्ली हातात घ्यावयाची तर आधी दार लावावेच लागेल. विसरभोळ्या घराला याहून चांगला पहारेकरी नाही. दुकानात समोरच किल्ली फिरवून खात्री करून घेतली.

कुलूप मिळाले, पण ते पत्र्यासाठी बनविलेले. डोक्याखालपासून जीभ बसते तिथपर्यंत लांबी अवघी २२ मिलिमीटर. आमची फळी १८ मिलिमीटर. नट आणि वॉशर यांनाच सात-आठ लागतात. म्हणजे लाकडात ते बसणारच नाही. येथे आमच्या शेजारचे तात्या उपयोगी पडले. तात्यांनी वालचंदनगरच्या कारखान्यात फिटर म्हणून तीस वर्षे काढली. निवृत्तीनंतरही त्यांच्या ओसरीत व्हाइस आहे, कानशी आहेत आणि मखमलीच्या डबीत एक व्हर्निअर आहे. पितळी भांडे हातात घेतले तरी ते आधी त्याची जाडी मोजतात, असे आजी म्हणते. मी कुलूप पुढे ठेवले तेव्हा त्यांनी कुलपाकडे पाहिलेच नाही. म्हणाले, “आधी दार दाखव, पोरी. कुलूप दाराच्या मापाचं असतं, किल्लीच्या नव्हे.”

दार बिजागरीवर नव्हते. खालची कड खोबणीत बसते आणि वरची कड चौकटीच्या आडव्या पट्टीला बाहेरून टेकते. वरचे एकटे कुलूप सगळे दार धरते. पेटीची पिन काढून, दोन दिवस तशीच ठेवून, मग दार उचलून अंगणात आणले. मापे सगळी अंगणात आणि चौकटीच्या कडेवर घेतली. काचेच्या नळीकडे कुणाचाही हात गेला नाही. हे वाचून कुणी असे काम काढलेच, तर दार बाहेर आणून काम करावे. पेटीच्या आत डोके घालून ड्रिल चालविण्याचा मोह आवरावा.

जुने भोक मूळचे १९ मिलिमीटरचे असावे. आता ते लांबोडके होऊन एका बाजूला २६ पर्यंत फाटले होते. लाकडात ते नीट करणे शक्य नव्हते. तात्यांनी उलटा मार्ग काढला: फाटलेले भोक आणखी मोठे, ४० मिलिमीटरचे गोल करून टाकले आणि त्यावर बाहेरून २ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी बसविली. ज्या कुलपाला पत्रा हवा होता त्याला पत्रा दिला. पट्टीत कुलपाच्या मापाचे भोक पाडताना त्यांनी प्रथम लहान ड्रिल मारले आणि उरलेले कानशीने घासून दोन्ही बाजू सपाट ठेवल्या. शेवटची काही घासणी माझ्याकडून करवून घेतली. कानस पुढे जाताना दाबावयाची, मागे येताना उचलावयाची. एवढे एक कौशल्य शिकण्यात अर्धी दुपार गेली. पट्टीला स्क्रू लावले नाहीत, कारण बाहेरचे स्क्रू कुणीही पेचकसाने काढील. गुळगुळीत गोल डोक्याचे चार बोल्ट बाहेरून घालून नट आतून आवळले.

यानंतरचा हिशेब सर्वांत महत्त्वाचा. जीभ चौकटीच्या आडव्या पट्टीच्या मागे गेली पाहिजे. पोलादी पट्टी २, फळी १८, चौकटीची पट्टी २०. म्हणजे बाहेरच्या पृष्ठभागापासून ४० मिलिमीटर आत गेल्यावर जिभेला अडावयास जागा मिळते. कुलपाची जीभ मात्र २२ वरच बसते. उरले १८. सरळ जीभ लावली असती तर ती चौकटीच्या पट्टीवर आदळून थांबली असती. म्हणून जीभ वाकडी हवी: आधी सरळ, मग मागे १८ मिलिमीटर वळलेली, मग पुन्हा सरळ. बाजारात अशा वाकड्या जिभा मिळतात, पण नेमके हवे ते माप मिळणे नशिबाचे. तात्यांनी ३ मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीपासून ती व्हाइसमध्ये वाकवून केली. वळण मुद्दाम १९ ठेवले आणि चौकटीच्या बाहेरच्या अंगाला, जेथे दार टेकते तेथे, सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटविली. दार लावल्यावर रबर दाबले जाते आणि दार खडखडत नाही. लांबी अशीच मोजली. कुलपाच्या मध्यापासून चौकटीच्या पट्टीच्या कडेपर्यंत ३० मिलिमीटर, आणि तिच्या मागे पकड १२, एकूण ४२. मध्ये चौकोनी भोक, कुलपाच्या खुंटीच्या मापाचे. ते सैल राहिले तर किल्ली फिरते आणि जीभ आळशासारखी मागून येते.

आणखी एका लहान वस्तूचा उल्लेख करते, कारण पाकिटातून ती हमखास खाली पडते आणि कुणी शोधत नाही. खाच पाडलेला एक वॉशर असतो. किल्ली किती आणि कोणत्या दिशेने फिरावी हे तोच ठरवितो. उलटा बसविला तर कुलूप डावीकडे बंद होते. आम्ही असा बसविला की बंद स्थितीत जीभ वर आणि उघड्या स्थितीत आडवी. दार खोबणीत ठेवले, लोटले, किल्ली फिरविली. दादाने दोन्ही हातांनी ओढून पाहिले. हलले नाही.

समोरच्या दोन दारांचे काम त्या मानाने काहीच नव्हते. दीड मिलिमीटरचा पत्रा, १९ मिलिमीटरची भोके आणि सुदैवाने त्यांच्या सपाट बाजू शाबूत. १६ मिलिमीटर लांबीची पत्रपेटीची कुलपे, सरळ जिभा. दोन्ही मिळून अर्ध्या तासात बसली. तिन्ही कुलपे, बोल्ट आणि लोखंड धरून चारशे रुपये पुरे पडले. तात्यांनी मजुरी घेतली नाही. नानांनी मुस्तफाचा एक डाव खेळून दाखवावा, एवढीच त्यांची अट होती. ती पूर्ण झाली. नाना दुसऱ्याच टप्प्यावर बाद झाले.

आजी त्या दुपारी ओसरीवरून उठली, पेटीच्या मागे गेली आणि दार काठीने दोनदा ठोकून पाहिले. “ऱ्हाऊ द्या,” म्हणाली. भाच्याला मी बंद दार दाखविले आणि आत काय आहे तेही सांगितले. नुसते कुलूप लावून प्रश्न मिटत नाही, कारण सात वर्षांचा मुलगा आठ वर्षांचा होतो. त्याने एकच शंका विचारली: “आत्या, मग आता चेंडू आत गेला तर?” चेंडू आता आत जात नाही, कारण पेटी भिंतीला चार बोटे सोडून टेकविली आहे. अगदीच भिंतीला लावू नये. मागच्या झरोक्यांतून गरम हवा बाहेर पडावी लागते.

किल्ल्यांची वाटणी घरात बरीच चर्चा होऊन ठरली. मागच्या दाराच्या दोन किल्ल्यांपैकी एक वहिनीकडे, देवघराच्या वरच्या कोनाड्यात, जेथे भाच्याचा हात पोचत नाही. दुसरी तात्यांकडे, म्हणजे घरात कुणी नसताना धूर निघाला तर उघडावयास एक माणूस जवळ आहे. वरच्या नाण्याच्या दाराची दादाकडे. राहिला गल्ला. नाणी टाकण्याचा प्रश्न आता उरला नाही. कारागिराने आतून एक बटण जोडून दिले आहे, ते दाबले की डाव सुरू होतो. मी सुचविले होते की समोरच्या दोन्ही दारांना एकाच किल्लीची कुलपे घ्यावीत, सोयीचे पडेल. दुकानात तशी जोडी मिळत होती. नाना म्हणाले, “नको. गल्ल्याची किल्ली वेगळी असती.” म्हणून वेगळी घेतली. ती नानांच्या जानव्याला नव्हे, पण त्याच थाटात करगोट्याला असते.

देखभालीचे थोडे सांगून थांबते. या कुलपात खोबरेल किंवा शिवणयंत्राचे तेल घालू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ उडते ती तेलाला चिकटते आणि वर्षभरात पट्ट्या जाम होतात. शिसपेन्सिलीचे टोक कानशीवर घासून होणारी काळी पूड किल्लीला लावावी आणि किल्ली चार वेळा आत-बाहेर करावी; तेवढे वर्षातून एकदा पुरते. नटही तेव्हाच तपासावा, कारण खेळणारी पोरे दांडा हलविताना सगळी पेटी हादरवितात आणि नट हळूहळू सैल होतो. किल्लीवर किंवा कुलपाच्या तोंडावर कोरलेला क्रमांक असेल तर तो वहीत लिहून ठेवावा. किल्ली हरवल्यावर क्रमांकावरून दुसरी किल्ली मिळू शकते, आणि कुलूप ड्रिलने फोडावे लागत नाही. आमचे तीन क्रमांक पंचांगाच्या मागच्या पानावर लिहिले आहेत. पंचांग दरवर्षी बदलते, म्हणून ते स्वयंपाकघरातील कपाटाच्या दाराला आतून खडूने लिहावेत, असे वहिनीचे म्हणणे आहे, आणि ते बरोबर आहे.